हसवलेली पाटी

तोबिउरा
१२ जुलै

चिगुसा,

पत्राची सुरुवात हवापाण्यानं करावी, हे तुला शाळेत असताना मीच शिकवलं. म्हणून नियम मोडत नाही. उकाडा मरणाचा आहे, खाडीतलं पाणी हलायचं नाव घेत नाही, आणि चढणीवरची सगळी मांजरं आपापल्या पायऱ्या सोडून देवळाच्या हौदापाशी राहायला गेली आहेत. झालं हवापाणी. आता कामाचं.

मी जिवंत आहे. घर जागेवर आहे. तुझं पत्र मी परत धाडलेलं नाही.

काल दुपारी सुएको आत्याचा फोन आला.

"वहिनी, तुम्ही आहात ना?"

"नसते तर फोन कुणी उचलला असता?"

"थट्टा पुरे. चिगुसाचा फोन आला होता मला. इतक्या वर्षांनी! म्हणाली, आत्या, आई गेली का गं? घर विकलं का? तिनं जूनमध्ये तुम्हाला पत्र घातलं होतं. 'या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही' असा शिक्का बसून ते तिच्याकडे परत गेलं."

पत्रात काय होतं ते आत्यालाही ठाऊक नाही. ठाऊक असतं तर तिच्या पोटात राहिलं नसतं. तुझा कुशिरोचा पत्ता मात्र तिनं मला दोनदा वाचून दाखवला.

झालं ते असं. चढणीवरच्या आपल्या चौदा घरांना मिळून एकच क्रमांक आहे. पोस्टमन घर ओळखतो ते दारावरच्या पाटीवरून. गेल्या ऑक्टोबरात गावात सिनेमाचं शूटिंग झालं आणि आपलं घर त्यात घेतलं होतं. दारावरची 'कानेमित्सु' ही आपली पाटी काढून त्यांनी सिनेमातल्या कुटुंबाची 'आसानुमा' अशी पाटी लावली. जाताना आपली परत लावायची, ती गडबडीत राहून गेली. नेहमीचे पोस्टमन तादोकोरो यांना पाटी लागतच नाही, ते डोळे मिटूनसुद्धा चढण चढतील. पण जूनमध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बदली माणूस आला. तो बिचारा एकेक पाटी वाचत वर आला, एकेक पाटी वाचत खाली गेला. कानेमित्सु नावाचं घर त्याला दिसलं नाही, कारण ते नव्हतंच. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

आत्याचा फोन ठेवला आणि स्टुलावर चढून पाटी बदलली. आता दारावर आपलं नाव आहे.

ते पत्र मला पुन्हा पाठव. नवं लिहू नकोस. तेच पाठव, शिक्क्यासकट. एवढंच मागणं आहे.

आई

२६ जुलै

चिगुसा,

उत्तर नाही. मी काही उपाशी बसले नव्हते, पण सकाळी दहाच्या सुमाराला पायऱ्यांकडे कान जातो. तादोकोरोंचा गुडघा नवा असल्यामुळे त्यांचं पाऊल बदललंय, आणि मी रोज कुणी दुसरंच आलं म्हणून फसते.

तुला वाटेल, म्हातारी आई सिनेमात कशी शिरली. मी शिरले नाही, सिनेमा घरात शिरला. तोफूवाले निशिगोरी आठवतात ना? दुकान बंद करून ते आता गावाच्या शूटिंग-मदत मंडळाचे अध्यक्ष झालेत. छातीवर बिल्ला लावून हिंडतात. एका सकाळी दारात उभे.

"तोमिए वहिनी, तुमच्या घराला काम मिळालंय."

"आणि मला?"

"तुम्ही घरातच राहायचं. फक्त दिसायचं नाही."

"ते तर मी चाळीस वर्षं करतेय," मी म्हटलं.

सिनेमा साठ वर्षांपूर्वीच्या गावाचा होता. त्यामुळे साठ वर्षांत जे जे आलं ते सगळं दृष्टीआड करायचं होतं. पहिल्याच दिवशी मोरितानी नावाची एक पोरगी, असेल सव्विशीची, कमरेला रंगीत चिकटपट्ट्यांची रिळं लटकलेली, अंगणातून ओरडली, "काकू, ती पाटी जरा हसवा ना!"

मी पाटीकडे पाहिलं. तुझ्या बाबांनी बोटीच्या उरल्या लाकडात कोरलेली, आडनावाखाली तिघांची नावं असलेली. इवाओ, तोमिए, चिगुसा. म्हटलं, सिनेमावाल्यांची काही रीत असेल, नवसाबिवसासारखी. पाटीकडे तोंड केलं आणि हसले. चांगले दात दाखवून.

"अहो काकू, तुम्ही नाही. पाटी!"

"अगं बाई, पाटी कशी हसेल?"

अंगणातले वीस जण पोट धरून हसत बसले. मग मोरितानीनं समजावलं. कॅमेऱ्यासमोरून एखादी वस्तू उचलून बाजूला न्यायची, याला हे लोक 'हसवणं' म्हणतात. का, ते त्यांनाही सांगता येईना. त्यांच्या गुरूंनी तसं म्हटलं, म्हणून तेही म्हणतात. झालं, दोन दिवसांत सगळं गाव तेच बोलायला लागलं. शीतपेयांची यंत्रं हसवली, विजेच्या मीटरचे डबे हसवले, छपरावरच्या तबकड्या हसवल्या. वरच्या गल्लीतली ओनोदेरा आजी म्हणाली, "आमच्या ह्यांनापण जरा हसवून द्या, दिवसभर टीव्हीपुढे असतात."

आणि मग गाव निराळंच झालं, चिगुसा. कसं सांगू? बाजारपेठेतली बंद दुकानं उघडली. आत तागे, कंदील, पत्र्याची खेळणी. जिथं गाड्या लावायची मोकळी जागा होती तिथं एका रात्रीत न्हाव्याचं दुकान उभं राहिलं, लाल-निळा खांब फिरतोय, आत आरसे. निशिगोरी खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "मी लहानपणी इथंच केस कापून घ्यायचो." तिथं न्हावी कधीच नव्हता. मला पक्कं माहीत आहे. पण ते बोलले आणि मलासुद्धा तेलाचा वास आठवायला लागला.

आमच्याच गल्लीत पाऊस पडायचा, नळ्यांतून, आणि वरच्या गल्लीत ऊन. तिथं आजी गाद्या वाळत घालायची. यंत्रातून धुकं सोडायचे, ते पायरी पायरीनं वर चढून आपल्या स्वयंपाकघरात यायचं आणि ताटाळ्यात बसायचं. एके दिवशी त्यांना सूर्यावर ढग हवा होता. ऐंशी माणसं दुपारभर पायऱ्यांवर बसून एका ढगाची वाट बघत होती. कुणी बोलत नव्हतं. मीसुद्धा त्यांच्यात बसले. इतकी माणसं मिळून कशाचीतरी वाट बघताहेत, याचं मला बरं वाटलं.

आईचं काम करणारी नटी तोक्योची, मोठी, स्वभावानं गोड. पण तिला मांदेली साफ करता येईना. आपल्याकडे सुरी लावत नाहीत, अंगठ्यानं पोट उघडून काटा ओढून काढतात. तिनं सतरा मासे फाडले. शेवटी दिग्दर्शक म्हणाले, हात या बाईंचे घ्या. म्हणून सिनेमात तोंड तिचं आहे आणि हात माझे आहेत. तुझ्या जन्माच्या वर्षी कालवं फोडताना अंगठ्याचं नख दुभंगलं होतं, ते तसंच पडद्यावर दिसतं म्हणे. मी अजून सिनेमा पाहिलेला नाही.

कुशिरोला लागला होता का गं?

आई

७ ऑगस्ट

चिगुसा,

दोन पत्रांना उत्तर नाही, तेव्हा तिसऱ्यात खोटं लिहून काय मिळवायचंय. पहिल्या पत्रात मी एक थाप मारली आहे.

सिनेमावाले पाटी विसरले नव्हते. विसरणारी माणसं नव्हेत ती. प्रत्येक वस्तूचा फोटो काढून ठेवतात आणि जाताना चमचासुद्धा होता तिथं ठेवतात. शेवटच्या दिवशी मोरितानी आपली पाटी पुसून घेऊन आली, स्क्रू हातात.

"काकू, तुमचं नाव परत लावते हं."

मी म्हटलं, "राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"आहे ती राहू दे. ती माझ्याकडे दे."

तिनं माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. पोरीची जात हुशार. तुझ्या बाबांची पाटी मी कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आणि नऊ महिने आसानुमा होऊन राहिले.

कारण सांगते. दिवे लावून होईपर्यंत नटीला बसवून ठेवत नाहीत. तिच्या उंचीचं दुसरं कुणीतरी त्या जागी बसवतात. उंची जुळली ती माझी. म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच जागी, मी एका खोट्या आईच्या बदली बसले. आणि त्या सिनेमात मुलगी घरी परत येते. बरीच वर्षं रुसून गेलेली असते, शेवटी येते. तिच्या बदली मोरितानी दारातून आत आली. नुसतं इथून तिथे चालायचं होतं, सावली कुठे पडते ते बघायला. पण पोरगी उत्साही. चपला काढता काढता म्हणाली, "आले गं आई!"

आणि मी म्हटलं, "आलीस? ये."

दिव्यावरचा माणूस वरून ओरडला, "काकू, तुम्ही बोलायचं नाहीये!"

अकरा वेळा आली ती. मी एकदाच बोलले. बाकीच्या वेळी तोंड मिटून बसले, पण आतल्या आत म्हणतच होते. त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की कानेमित्सुंच्या घरी कुणी येणार नाही, आसानुमांच्या घरी येतं. मग पाटी कशाला बदलायची?

मे महिन्यात सिनेमा लागला आणि लोक यायला लागले. सिनेमात पाहिलेल्या जागा हुडकत हिंडतात, हातात नकाशा. न्हाव्याचं दुकान शोधतात, आणि निशिगोरी त्यांना मोकळी जागा दाखवून, "इथंच, इथंच," असं सांगतात. आपल्या दारापुढे उभे राहून वाकून नमस्कार करतात. एकदा एक जोडपं आलं होतं, नवीन लग्न झालेलं. बाईनं मला पाहिलं आणि घाबरत विचारलं, "आसानुमा काकू का?"

मी म्हटलं, "हो."

"मुलगी आहे घरात?"

"आहे ना. आंघोळीला गेलीय."

ती इतकी खूश झाली की रडायला लागली. मी आत येऊन भाताला पाणी जास्त घातलं. त्या दिवशी दोघींचा भात केला होता, हे मला रात्री जेवताना कळलं.

तेव्हा चूक पोस्टमनची नाही, सिनेमावाल्यांची नाही. तुझं नाव मीच हसवलं, चिगुसा. तुझं पत्र दारापर्यंत आलं होतं. दाराला विचारलं त्यानं, इथे तोमिए कानेमित्सु राहते का? दार नाही म्हणालं.

हे पत्र तू फाडून टाकलंस तरी ते परतलेलं पत्र मात्र फाडू नकोस.

आई

१७ ऑगस्ट

चिगुसा,

पाकीट मिळालं. पाकिटात पाकीट, आणि आतल्यावर तो शिक्का. तू वर एक ओळसुद्धा लिहिली नाहीस, पण पाठवलंस. तादोकोरो म्हणाले, "वहिनी, आज इतक्या खाली?" मी म्हटलं, वाऱ्याला आले.

पितर घरी येतात ते तीन दिवस नुकतेच संपले. तुझे बाबा येऊन गेले. तेराला संध्याकाळी दारात काड्या पेटवून त्यांना आत घेतलं, काल सोडून आले. त्यांना बसून यायला केलेला काकडीचा घोडा या वर्षी जरा लंगडा झाला होता. त्यांच्या तसबिरीसमोर बसूनच तुझं पत्र उघडलं.

तू लिहिलंयस की कुशिरोच्या थिएटरात सात माणसं होती. तू आपलं घर ओळखलं नाहीस, फार बदललेलं होतं. स्वयंपाकघरही ओळखलं नाहीस. मग अंगठा दिसला. साकुमांचा हात धरून तू सिनेमा संपेपर्यंत रडलीस. साकुमा अजून तुझ्याबरोबर आहेत हे वाचून मला बरं वाटलं, आणि त्यांची मुलगी कॉलेजला गेली हे वाचून आश्चर्य. तुझ्याबरोबर ती पाच वर्षांची गेली होती.

पुढचं तुझं वाक्य असं आहे: 'आई, तुझं तोंड माझ्याशी खोटं बोलत आलंय असं मला नेहमी वाटतं. तुझे हात तसे वाटले नाहीत. म्हणून परत एकदा विचारते. बाबा शेवटी माझ्याबद्दल काय म्हणाले?'

बाबा शेवटी बराच वेळ झोपूनच असत. औषधं जबर होती. त्यांना फारसं बोलता येत नव्हतं.

हवा आता बदलेल. तिकडे लवकर थंडी पडते, काळजी घे.

आई

३० ऑगस्ट

चिगुसा,

मागच्या पत्राचा शेवट खोटा आहे. ते पेटीत टाकलं आणि पेटीच्या तोंडात हात घालून बघितला, पोचला नाही. तेरा दिवस झाले. आता खरं लिहिते. ताठ बसून वाच.

तू पदरी मूल असलेल्या साकुमांबरोबर संसार थाटायला निघालीस त्या दिवशी बाबा म्हणाले होते, "या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस." ते तुझ्या कानात आहे, आणि ते त्यांचं शेवटचं, असं तू इतकी वर्षं धरून आहेस. मी धरू दिलंय.

मी तुला कळवलं होतं की ते अचानक गेले. अचानक नव्हतं. फेब्रुवारीत त्यांना समुद्र बघायचा होता म्हणून दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हाच डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आठवडा. मला पुरते सात दिवस मिळाले होते.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "चिगुसाला कळवलंस?"

मी म्हटलं, "हो."

कळवलं नव्हतं. वाटलं, उद्या कळवू.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "निघाली का?"

"निघाली. तिकडे बर्फ आहे, गाड्या उशिरा आहेत."

तिसऱ्या दिवशी त्यांनी अंथरूण फिरवायला सांगितलं. त्यांना दार दिसायला हवं होतं. तसं करायचं तर डोकं उत्तरेला येत होतं, आणि उत्तरेला डोकं करून आपण प्रेतालाच निजवतो. मी म्हटलं, भलतंसलतं करायला मी तयार नाही. त्यावर म्हणाले, "मग मला दोन उशा घालून बसव. दाराकडे तोंड कर. ती आली की मी झोपलेला दिसायला नको." तसं बसवलं. दिवसभर बसून राहिले. कडाक्याची थंडी होती, तरी दार लोटू देईनात.

पाचव्या दिवशी ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते. एक शब्द माझा नाही. "तोमिए, मला जर बोलता आलं नाही तर तू तिला सांग. ते मी रागात बोललो. राग त्याच दिवशी संध्याकाळी गेला होता. पण परत बोलवायला तोंड नव्हतं." मग थोड्या वेळानं, "त्या छोट्या मुलीलाही आणतेय ना? तिच्यासाठी गोड काहीतरी आणून ठेव."

मी खाली बाजारात गेले आणि बीनच्या पुरणाचे गोळे घेऊन आले. हे मी केलं, चिगुसा. येणार नाही हे ठाऊक असलेल्या मुलीसाठी खाऊ आणून त्यांच्या उशाशी ठेवला. फोन तीन पावलांवर होता. तुझा नंबर कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता, तुझ्याच अक्षरात.

का केलं नाही, ते विचारशील. अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आले की वेळ चुकली, आधी आळस झाला, मग एकदा 'निघाली' असं सांगून बसले होते, आता तू दोन दिवसांनी आलीस तर ते खोटं पडेल. हे सगळं खरं आहे, पण मूळ ते नव्हे. मूळ हे की तू गेल्यापासून दोन वर्षं तो माणूस माझ्याशी कामापुरतं बोलला. मीठ दे, दार लाव. आणि शेवटी तोंड उघडलं ते तुझ्या नावानं. एकदाही म्हणाले नाहीत, तोमिए, माझ्यामागे तुझं कसं होईल. मला तुझा हेवा वाटला. पोटच्या पोरीचा. वाटलं, सेवा मी करायची आणि वाट तिची बघायची? बघू दे मग.

सातव्या दिवशी पहाटे पायऱ्यांवर कुणीतरी चढत होतं. कोळणींपैकी कुणी असेल. त्यांनी हात उचलला, "आली बघ." मी म्हटलं, "हो, आली." ते तसेच गेले, दाराकडे बघत.

नंतर तू फोन केलास. "बाबा काही म्हणाले?" मी म्हटलं, "नाही." त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर तू मला त्या क्षणापुरतं शब्दांनी मारलं असतंस. मी तेवढ्याला भ्याले आणि तुला अकरा वर्षांची शिक्षा दिली.

हे वाचून तू मला पुन्हा लिहिणार नाहीस, हे मी धरून चाललेय. तुझं पत्र परत गेल्याचं कळल्यापासून माझी एकच धडपड होती, तू कशीही परत यावीस. त्यासाठी हे झाकून ठेवायचं होतं. पण तू हातांना विचारलंस. हातांनी लिहिलंय.

बाबा तुझ्यावर रागावून गेले नाहीत. तुझी वाट बघत गेले. ते तुझं आहे, मी चोरून ठेवलं होतं. मला त्याबद्दल क्षमा मागायची आहे, पण दे असं म्हणत नाही.

आई

१७ सप्टेंबर

चिगुसा,

तुझं कार्ड परवा आलं. दोन ओळी. 'तेवीसला सकाळी बाबांच्या थडग्यावर येते. त्या दिवशी तू वर येऊ नकोस.'

नाही येणार. स्टेशनवर येणार नाही, वाटेत कुठे दिसणार नाही. पितरांच्या आठवड्यात सगळं गाव वर जातं, तेव्हा मी का आले नाही असं लोक विचारतील. निशिगोरींना सांगून ठेवलंय, कंबर धरलीय म्हणून. ते म्हणाले, "वहिनी, कालच तर तुम्ही पिंप उचललं." मी म्हटलं, म्हणूनच धरली.

तुला वाट सांगते, कारण ती बदललीय. देवळामागची जुनी वाट दरडीखाली गेली. डावीकडून नवी केलीय, तिला लोखंडी कठडा आहे. बादली आणि पळी हौदाशेजारी टांगलेल्या असतात, वापरून तिथंच ठेवायच्या. आपला दगड तिसऱ्या रांगेत शेवटचा, तिथून बोटी दिसतात. साकुमा आणि मुलगी बरोबर असतील तर त्यांना सांग, पायऱ्या ओल्या असतात. फुलं खालूनच घे, वर मिळत नाहीत.

काल मी जाऊन आले. वाटेवरचं गवत उपटलं, फुलदाण्यांतलं सडकं पाणी काढलं, वाळक्या काड्या गोळा केल्या. दर वर्षी या दिवसांत मी दगड घासून लख्ख करते. काथ्यानं, वरून खालपर्यंत, नावाच्या खोबणीत बोट घालून. अकरा वर्षांत एकदाही चुकले नाही, आणि दर वेळी मला वाटायचं की हे काम माझंच आहे.

या वेळी दगडाला हात लावला नाही. वर्षभराचं शेवाळ आहे, कबुतरांनी घाण केलीय, नावातलं एक अक्षर मातीनं भरलंय. लोक म्हणतील, कानेमित्सुंच्या बाईला लाज नाही. म्हणू देत.

तो तू धू.

आई